निळे कोंगो

सौंसरच्या आमच्या विहारात दर पौर्णिमेला बायांचं मंडळ गाणी म्हणतं. सासूबाई त्या मंडळाच्या मुख्य गायिका. त्यांचा आवाज खर्जातला, भरदार. फोनवर अनोळखी माणूस त्यांना हमखास ‘भाऊ’ म्हणतो, आणि त्या मजेत बराच वेळ त्याला तसंच बोलू देतात. मी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायची आणि ध्रुपद उचलायची. मग आमची ढोलकी वाजवणारी बाई नवऱ्याच्या बदलीमुळे बालाघाटला गेली. ढोलकी तिच्या माहेरची, ती तिच्यासोबतच गेली. मंडळाकडे उरली फक्त पेटी.

त्यानंतरची पहिली तालीम आमच्याच घरी, समोरच्या खोलीत झाली. ठेका नसल्यामुळे गाणं कडव्याकडव्याला ढेपाळत होतं. कोणी पुढे पळत होतं, कोणी मागे राहत होतं. मी भिंतीशी बसले होते. माझ्या बाजूला पाणी साठवायचे दोन प्लास्टिकचे ड्रम, एक रिकामा आणि एक अर्धा भरलेला. हात आपोआप त्यांवर गेले. रिकामा ड्रम वर बोलत होता, अर्धा भरलेला खाली. ध्रुपद दोनदा झालं तरी मला कळलं नव्हतं की सगळ्या बाया आता माझ्या हातांवर गाऊन राहिल्या आहेत. गाणं संपलं तसं सासूबाईंनी मान वळवली.

“हे तुले कुठून येते वं?”

“बाबांकडून, आई.”

माझे वडील पांढुर्ण्याच्या एका ऑर्केस्ट्रात कोंगो, म्हणजे हाताने थापा द्यायचे दोन उभे ढोल, वाजवायचे, हे त्यांना सोयरीक जुळली तेव्हापासून ठाऊक होतं. पण त्या घरच्या मुलीलाही वाजवता येत असेल, हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मीच विसरत चालले होते. बाबांचा स्वतःचा सेट कधीच नव्हता. तो पार्टीच्या मालकाचा असायचा. लग्नसराई आणि जयंतीचे दिवस संपले की कधीकधी तो थोडे दिवस आमच्या घरी राहायला यायचा, पाहुण्यासारखा. तेवढ्या दिवसांत मी शिकले. बाकीच्या वेळी हात चालवायला कपड्यांची लोखंडी पेटी होती. पुढे लग्नांतून डीजे आले, ऑर्केस्ट्रा बंद पडला, सेट कुठे गेला कोण जाणे. बाबांचा डावा हातही मग थरथरायला लागला, आणि आमच्या घरात त्या विषयावर कोणी बोलेनासं झालं.

“पाण्याच्या ड्रमात पाणी भरा,” सासूबाईंनी फर्मान काढलं. “पोरीले कोंगो घेऊ.”

मंडळातल्या बायांनी वर्गणी काढली. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “स्टेशनाकडे जाते त्या रोडवर एक दुकान आहे. तू ये. पण मी आल्याबिगर कायलेच हात लावू नको.”

सासूबाईही येणार हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर आम्ही दोघी उतरलो तर बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून उभे. सासूबाईंना पाहून ते गडबडले.

“इहीणबाई, तुम्ही कायले तरास घेतला?”

“काऊन? गायचं मले आहे इवाईबुवा. वाद्य माह्याच मागं वाजणार आहे.”

वादाला तिथूनच सुरुवात झाली.

दुकान लांबट होतं. बाहेर गिटारी टांगलेल्या, आत कीबोर्ड, स्पीकर, आणि सर्वांत मागे कोंगोंच्या जोड्या. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून धंदा वाढला, असं दुकानदार आम्ही न विचारताच सांगत होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, खुशीत असलेला माणूस. त्याने पुसायचा कपडा घेऊन तीन जोड्या पुढे ओढल्या. एक लाकडी, चामडं मढवलेली. एक लालभडक फायबरची. आणि तिसरी निळी, तीही फायबरची, वर चामड्याऐवजी फायबरचंच पान.

बाबा आयुष्यात पहिल्यांदा कोंगो विकत घ्यायला आले होते. ते सरळ लाकडी जोडीकडे गेले, खाली बसले, मोठ्या कोंगोच्या अंगाला तळहात लावला आणि उजव्या हाताने एकच थाप दिली. बाहेर टांगलेल्या गिटारींच्या तारा बारीक गुणगुणल्या.

“हे घ्या. दुसरं पाहायचंच नाई.”

सासूबाईंनी पदर खोचला आणि तोच मोठा कोंगो उचलून पाहिला. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला.

“हे विहारात कोण नेइन? कार्यक्रम लोधीखेड्याले असला तर? आम्ही बायाच आहो इवाईबुवा, तुमच्यासारखी गाडी नाही आमच्या पार्टीकडे. निळी घेऊ. हलकी आहे. अन् निळी आहे.”

“रंग वाजते का, इहीणबाई?”

“वाजत नाई. पण दिसते ना!”

दुकानदार हसायला लागला. बाबांनी निळीवर थाप मारली आणि तोंड वाकडं केलं. “डबा आहे हा. तेलाचा डबा.”

“पण भाऊसाहेब, फायबरचं पान पावसात ढिलं पडत नाही,” दुकानदार म्हणाला.

“पडू द्या ना चामडं ढिलं. सुकलं का चढते परत.”

मी मध्ये उभी. वाजवणार मी, पण मला कोणी विचारून नाही राहिलं. खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटत नव्हतं. बाबांना इतक्या जोरात बोलताना मी कित्येक वर्षांनी पाहत होते.

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. “मी गाते. पोरगी वाजवते. जिच्यावर माहा आवाज बसन ती घ्यायची. मंजूर?”

“इथं गाता? दुकानात?” बाबा म्हणाले.

“मंग काय रोडवर गाऊ?”

आणि त्या गायला लागल्या. भरदुपारी, स्पीकरच्या खोक्यांमध्ये उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून. मी आधी लाकडीवर वाजवलं. गाणं मस्त गेलं, पण तिचा आवाज सासूबाईंच्याच आवाजाच्या जागी जाऊन बसत होता. त्या दोघी एकाच खुर्चीवर बसायला भांडत होत्या जणू. लाल जोडीने तर त्यांना पार झाकून टाकलं. निळीवर त्यांचा आवाज मोकळा राहत होता, शब्दन्शब्द ऐकू येत होता, पण खालून आधार मिळत नव्हता. बाबा म्हणाले तसा तो डबाच होता.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं भांडण केव्हाच गेलं होतं. गाणं थांबलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि दुकानदाराकडे हात पसरला.

“पाना द्या जरा.”

दुकानदाराने पाना दिला. बाबा निळ्या जोडीतल्या लहानीसमोर बसले. “ही धाकटी,” ते मला म्हणाले, लहानपणी म्हणायचे तसंच. “धाकटी बोलते, थोरली ऐकते. इहीणबाई, आता शब्द नका म्हणू. नुसता आ लावा.”

सासूबाईंनी आ लावला. बाबा समोरासमोरचे नट थोडे थोडे फिरवत गेले, वाकून कान लावत, बोटाने टिचकी देत. डावा हात थरथरत होता, तर त्यांनी तो रिंगवर दाबून धरला आणि उजव्याने पाना फिरवला. धाकटीचा सूर हळूहळू वर चढला, सासूबाईंच्या सुराला स्पर्शून गेला, जरा पुढे सरकला, परत आला आणि थांबला. त्या क्षणी सासूबाईंचा आवाजच बदलला. जाड झाला, गोड झाला. त्यांनाही ते समजलं. गाता गाताच त्यांच्या भुवया वर गेल्या.

“आता थोरलीचं काय?” मी विचारलं.

बाबांनी लाकडी थोरलीच्या तोंडावर वीत ठेवली, मग निळ्या थोरलीवर. दोनदा मोजलं. “बराबर आहे,” ते म्हणाले. “भाऊ, याच्यावरचं चामडं त्याच्यावर चढवून देता का?”

दुकानदाराने डोकं खाजवलं. असं कोणी मागितलं नव्हतं म्हणे. पण तोही आता त्या गाण्यात अडकला होता. एव्हाना दाराशी चार माणसं जमली होती, आणि त्यांतला एक ऑटोवाला मोठ्याने म्हणाला, “द्या ना चढवून, सेठ! आम्हाले पुढचं ऐकू द्या.” दोघांनी मिळून चामडं काढलं, चढवलं, बाबांनी परत पाना फिरवला. निळ्या थोरलीने पहिली थाप घेतली तेव्हा आवाज जमिनीतून आल्यासारखा पायांना लागला.

सासूबाईंनी गाणं पुन्हा सुरू केलं. मी वाजवत होते. दुसऱ्या कडव्याला माझ्या बाजूने एक जास्तीची थाप आली. पाहते तर बाबांनी स्टूल ओढून थोरली स्वतःकडे वळवली होती आणि एकट्या उजव्या हाताने ते खालचा ठेका धरत होते. मी थोरली सोडून दिली, दोन्ही हात धाकटीवर आणले. आम्ही दोघं असं बरोबर कधीच वाजवलं नव्हतं. घरी एकच सेट, एकच जागा, एक वाजवणार आणि दुसरा ऐकणार. आता त्यांच्या एका हाताला माझे दोन हात उत्तर देत होते, आणि ते माझ्याकडे न पाहता हसत होते. ऑटोवाल्याने शिट्टी मारली. सासूबाईंनी ध्रुपद आपल्या मर्जीने आणखी दोन वेळा फिरवलं. थांबायला कोणीच तयार नव्हतं.

गाणं संपल्यावर सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, “इवाईबुवा, तुम्ही तर डब्याचं सोनं केलं.”

“तुमचा आवाजच तसा आहे,” बाबा म्हणाले, आणि दोघंही लाजून वेगवेगळ्या भिंतींकडे पाहायला लागले.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर सेट टपावर टाकू म्हणाला. सासूबाईंनी त्याला असं काही पाहिलं की त्याने गुपचूप मागची सीट मोकळी करून दिली. संत्र्यांच्या खोक्यांशेजारी थोरली उभी केली, धाकटी सासूबाईंनी सौंसरपर्यंत मांडीवर घेतली. “हे काय आहे, आजी?” असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं, आणि दर वेळी त्यात बाबांची तारीफ थोडी वाढत गेली.

लोधीखेड्याचा कार्यक्रम त्यानंतर लवकरच झाला. बाबा पांढुर्ण्याहून आले, पहिल्या रांगेत बसले. निळी जोडी लाइटखाली चमकत होती, आणि मला कबूल करावं लागेल की ती दिसत होती छान. कार्यक्रम झाल्यावर तिथल्या बाया स्टेजवर चढल्या, कोंगोला हात लावून पाहू लागल्या. त्यांच्यातली एक बाबांना म्हणाली, “काका, आमचंही मंडळ आहे. आम्हाले असा सेट पाहून देता का?”

आता बाबांचा हा उद्योगच झाला आहे. मंडळाच्या बाया त्यांना दुकानात घेऊन जातात, ते प्रत्येकीला आधी गायला लावतात. परवाच फोन आला होता. आवाज घाईतला, मागे बस उभी असावी.

“आता नाई बोलत बेटा,” ते म्हणाले. “सेट पाहाले जाऊन राहिलो. या बाईचा आवाज लई बारीक आहे, धाकटी जरा चढवाच लागन.”