कवेलूखालचं पाऊल

वाघिणीचा ठसा दिसला की काका आधी चपला काढायचे. मग पिशवीतलं कवेलू ठशावर पालथं घालायचे आणि म्हणायचे, "हळू बोल गा. बाई आत्ताच गेली."

गार्ड येऊन माप घेईपर्यंत ठसा मोडू नये, म्हणून ही सोय. कवेलू म्हणजे कौल, तेही स्वतःच्याच छपरावरचं. काकू ओरडायच्या, "तुमच्या बाईपायी माहं घर गळून राहिलं!"

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा पगार सगळ्यात कमी आणि शब्द सगळ्यात जड.

मी सांगोल्याकडचा, आठवीत शाळा सुटलेला, घरी तीन लेकरं. रस्ता रुंद करायच्या कामावर बोदलकसाच्या जंगलात आलो, तोडायच्या झाडांवर रंगाने नंबर घालायला. आमच्याकडे झाड म्हणजे बाभूळ नाहीतर लिंब. इथली सगळी झाडं मला सारखीच दिसत. चुकलो तर घरी पाठवतील, ही धास्ती कायम असायची. काका वनखात्याचे रोजंदारी मजूर. मला तोडीची हद्द दाखवायला दिलेले.

त्यांचं सांगणं एकच. नाल्याकाठची झाडांची पट्टी सोडायची. मधलं जंगल रस्त्यात गेल्यावर वाघिणीला पिल्लं घेऊन पलीकडे जायला तेवढीच वाट उरणार होती.

"पट्टी गेली तं बाई धानाच्या बांधीत येते. लोकं काठ्या घेऊन धावते. मंग बाई मरते, नाही तं मानूस."

एका सकाळी ते ठसे बघायला पुढे गेले. जाताना म्हणाले, "पहिल्या मोहापर्यंत नंबर घाल. तिथं थांब, पुढं पट्टी हाये."

मी मान हलवली. मोह मला फुलांवरून कळायचा, आणि तेव्हा झाडावर फूल नव्हतं की पान. विचारायची लाज वाटली. मोह मागे टाकून मी थेट नाल्यापर्यंत गेलो. पट्टीतल्या एकतीस झाडांवर नंबर पडले. दुसऱ्या दिवशी करवतवाले येणार होते.

काका परत आले, बघितलं आणि खालीच बसले.

"मोह नाही ओळखत तू?"

"नाही."

"मंग मुंडी कायले हालवली बे? तीन लेकरांचा बाप ना तू!"

त्यांनी मला वनखात्याच्या साहेबांकडे नेलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "साहेब, चूक माही हाये. हद्द दाखवाचं सोडून मी बाईचे पाय पाहाले गेलो."

साहेबांनी नंबर काढायला लावले. काकांना सांगितलं, महिनाभर कामावर येऊ नका.

अंधार पडेपर्यंत आम्ही विळ्याने रंग खरवडत होतो. मला रडू आवरेना.

"काका, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"बाईची वाट तं राहिली ना? हळू खरवड. सालीले लागते."

महिनाभर ते रोज आले, बिनपगारी. माझे डोळे झाकायचे, हात खोडावर ठेवायचे. "सांग, कोन हाये?" ऐन, धावडा, तेंदू, मोह. आता मला अंधारातही मोह सापडतो.

मागच्या पावसाळ्यात काका तापाने गेले. रस्ता झाला. पट्टी उभी आहे. त्यांच्या जागी रोजंदारीवर आता मी आहे.

परवा सकाळी पट्टीतल्या ओल्या मातीत एक मोठा ठसा दिसला. शेजारी दोन छोटे, अगदी ताजे. मी चपला काढल्या. काकूंनी दिलेलं कवेलू एकच होतं, ते मोठ्यावर घातलं. मग डबा उघडला, भाकरी आणि चटणी रुमालात घेतली आणि डब्याचे दोन्ही खण छोट्या ठशांवर पालथे घातले.

गार्ड येईपर्यंत तिथेच बसून राहिलो. हळू बोलायचं होतं, पण बोलायला कुणी नव्हतं.