बी बाजूचं शेवटचं गाणं

माझ्या साडूंनी ज्याचा अपमान केला नाही असा माणूस धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत शोधूनही सापडायचा नाही. पंगतीत वाढप्याचा केला, एसटीत कंडक्टरचा केला, आमच्या सासऱ्यांचा तर रावेरला त्यांच्याच घरात, त्यांच्याच बागेतली केळी खात खात केला. साडू गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जनावरांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. तिथे म्हशीच्या मालकाचा पाणउतारा रोजचाच, पण म्हशीला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. जनावर निदान ऐकतं तरी, असं त्यांचं म्हणणं. माणसांबद्दल त्यांची तक्रार एकच होती, की यांना कान दिलेत पण ऐकायला कुणी शिकवलं नाही. आणि हे सगळं रामायण कशावरून, तर एका इंग्रजी गाण्यावरून.

साधंसुधं गाणं नव्हे ते. हेवी मेटल. आमच्या सासरी त्याला ‘डबे पडल्याचा आवाज’ म्हणतात. माझ्या हळदीच्या दिवशी हे गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, तुम्ही काय ऐकता? मी घाबरत घाबरत दोन बँडची नावं सांगितली. त्यांनी मला वासराचे दात बघावेत तसं न्याहाळलं आणि म्हणाले, “बरं. म्हणजे अगदीच वाया गेलेले नाहीत.” सव्वीस वर्षांत त्यांनी माझी केलेली सगळ्यात मोठी स्तुती ती हीच. मी जळगावला शाळेत चित्रकला शिकवतो. त्या गाण्यातल्या माणसाचं चित्र त्यांनी माझ्याकडून अकरा वेळा काढून घेतलं आणि अकराही वेळा परत केलं. शेवटचं परत करताना म्हणाले, याच्या डोळ्यांत वाट पाहणं नाही हो, भूक आहे.

गाण्यातला माणूस कोण, ते सांगतो. ते गाणं म्हणे एका विज्ञानकथेवरून सुचलेलं. दूरच्या एका ग्रहावर वायरलेस सांभाळायला एक माणूस ठेवलाय. बाकीचे सगळे परत गेले, हा एकटा उरला. तो रोज पृथ्वीला हाक मारतो, पलीकडून काही येत नाही. गिटार आधी संथ चालते, मग तिचा तोल जात जातो आणि शेवटी तो माणूस विचारतो, मराठीत सांगायचं तर, कुणी आहे का? त्यातला ‘आहे’ पुरा होत नाही. शब्द अर्ध्यात तुटतो, खट्‌ होतं, आणि शांतता. साडू तरुणपणी दोंडाईच्याहून रेल्वेने जळगावला येऊन, स्टेशनजवळच्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घेऊन गेले होते. हे गाणं तिच्या बी बाजूला शेवटचं. त्या खट्‌वर आणि त्यानंतरच्या शांततेवर साडूंनी अख्खा जन्म काढला. “शेवट सगळेच करतात,” ते म्हणायचे, “यांनी तोडलं. त्याला छाती लागते.”

धुळ्याच्या देवपुरात एका ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानावरच्या खोलीत आमची रविवारची बैठक भरायची. साडू, मी, दुकानाचा मालक आणि दोंडाईच्याचा रेल्वेतला एक रिटायर्ड सिग्नलवाला, असे आम्ही चौघं. मी जळगावहून एरंडोल, पारोळा करत हाडं खिळखिळी करून घेत यायचो. चर्चा एकच, शेवटी त्या माणसाचं काय झालं? स्पेअरवाला म्हणाला, बॅटरी उतरली असेल. साडूंनी त्याला त्याच्याच खोलीतून तीन महिने बाद केलं. बिचारा खाली दुकानात बसून जिन्यातून ऐकायचा. सिग्नलवाल्याचं मत, समोरच्याची ड्यूटी संपली आणि पुढचा वेळेवर आला नाही. मी म्हणालो, त्याने स्वतःच यंत्र बंद केलं. त्यावर साडू म्हणाले की मास्तरांना सगळीकडे घंटाच ऐकू येते. मग ते स्वतःचं सांगायचे, आणि सांगताना आवाज एकदम खाली आणायचे. “तो बोलतच राहिला. आपलं ऐकणं संपलं.”

त्या शांततेत कुणी हलायचं नाही असा दंडक होता. खोकला आला तर गिळायचा. एकदा स्पेअरवाल्याने कपात चहा ओतला, तर साडू उठून चपला घालून थेट घरी गेले. सीडी आल्या, फोन आले, साडूंनी त्यांना हात लावला नाही. फोनवरचं गाणं म्हणजे पाकिटातलं दूध, म्हणायचे. ती मूळ कथा मिळवून वाचा असं मी एकदा सुचवलं, तर उत्तरं बघून गणितं सोडवणाऱ्यांशी मी बोलत नाही म्हणाले. कॅसेट त्यांच्या देवघराच्या खालच्या खणात असायची. तुटलेली फीत दोनदा बायकोच्या नेलपॉलिशने चिकटवलेली.

आता माझं सांगतो, आणि ते चांगलं नाही. नऊ-दहा वर्षांपूर्वी जळगावला घरी बसून मी ते गाणं फोनवर लावलं. ‘कुणी आ’ झालं, मी सवयीने श्वास धरला, आणि गाणं पुढे चालूच राहिलं. चांगलं दोन मिनिटं. गिटार मंद पडते, ढोल येतात, आणि मग दुरून दुसरा एक आवाज म्हणतो, ऐकतोय, बोल. म्हणजे त्या रेकॉर्डिंगवाल्याची फीत संपली होती, बस. आमचा खट्‌ तो. मला आधी हसू आलं, पोट धरून हसलो. मग साडूंचा चेहरा आठवला आणि ठरवलं, यांना सांगायचं नाही. मायेपोटीच ठरवलं, खोटं कशाला बोलू. पण ती माया निव्वळ नव्हती. पुढे ते चारचौघांत माझी उतरवायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, बोला, बोला, तुमची चावी माझ्या खिशात आहे. नऊ वर्षं मी ते सुख चोरून खाल्लं.

गेल्या हिवाळ्यात इकडच्या तरुण मेटलवाल्यांनी धुळ्यात एका क्लासच्या हॉलमध्ये जमायचं ठरवलं. त्यांच्यात दातांची डॉक्टर असलेली एक मुलगी होती. तिच्या कुत्र्याचा मोडका पाय साडूंनी बांधला होता आणि बांधता बांधता तिला हे गाणं समजावून सांगितलं होतं. तिने आग्रहाने बोलावलं, काका, त्या गाण्यावर तुम्हीच बोला. साडू हरखले. साठी उलटलेल्या माणसाने काळा टीशर्ट कांजी घालून इस्त्री केला. आदल्या दिवशी आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. शेवभाजीवर बसलो असताना माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, साडूभाऊ, उद्या कॅसेट लावूच नका, नुसतं बोला. त्यांनी घास खाली ठेवला. “तुम्ही आपलं फळ्यावर आंबा काढा,” म्हणाले, “तोही पोरांना पेरू वाटतो.” सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली. एका वाक्यात सांगता आलं असतं हो मला. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मी भाकरी कुस्करत मनात म्हणालो, जा मग, मर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाऊण तास बोलले. तीसेक मुलं, आणि एकाचीही मान फोनकडे नाही. वाट पाहणाऱ्या माणसाबद्दल, पलीकडून काही न येण्याबद्दल मी त्यांना इतकं नितळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एकाचाही अपमान केला नाही. मग टेप लावला. खट्‌ झालं. आणि ती सगळी पोरं खरोखर गप्प बसली, आमच्या खोलीत बसायचो तशी. साडूंनी डोळे मिटले होते. तेवढ्यात डॉक्टर मुलीने हात वर केला.

“काका, कॅसेट संपली का? पुढे अजून दोन मिनिटं आहेत ना.”

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला वाटलं, काकांची पंचाईत होतेय, मदत करावी. तिने फोन स्पीकरला जोडला. तो दुसरा आवाज आला, ऐकतोय, बोल. मागे कुणीतरी फिस्‌कन हसलं, एकजण शूटिंग करत होता. साडूंनी गाणं शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं. मग म्हणाले, बरोबर आहे, रेकॉर्डिंगवाल्याकडे फीत पुरली नसेल. कॅसेट काढून डबीत घातली, मुलीला जेवून जा म्हणाले, निघाले. जिन्यात मी मागोमाग होतो. ते थांबले. गाण्याबद्दल ते नेहमी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, तेव्हा मात्र घरची अहिराणी आली.

“तुमले माहीत व्हतं?”

मी नाही म्हणालो.

“मंग काल काब्र सांगं, कॅसेट नका लावू म्हनीसन?”

कालचं माझंच वाक्य माझ्या गळ्यात आलं. का बरं सांगितलं, एवढंच विचारून ते कठडा धरून एक-एक पायरी खाली उतरले.

परतीच्या गाडीत पारोळ्याच्या अलीकडे मला एकदम लख्ख कळलं. तो बोलतच राहिला, आपलं ऐकणं संपलं. अहो, तेच तर झालं होतं. गाणं चालूच होतं, आमची फीत संपली होती. तीस-पस्तीस वर्षं तुटक्या कॅसेटवर ऐकून एकट्या साडूंनी बरोबर ओळखलं होतं आणि बाकीचे आम्ही बॅटरी शोधत होतो. हे मला त्या हॉलमध्ये उठून सांगता आलं असतं. नऊ वर्षांत कधीही सांगता आलं असतं.

दोन महिन्यांनी ते सांगायला धुळ्याला गेलो. साडूंनी आता फोन घेतलाय. रोज सकाळी मला फुलांचं चित्र आणि सुप्रभात येतं. बैठक मोडली. मेव्हणी सांगत होती, हे आता कंडक्टरशीसुद्धा नीट बोलतात, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्यासमोर बसून माझं सगळं म्हणणं मांडलं. बसमध्ये दहादा घोकलेलं होतं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. “बरोबर असेल तुमचं,” म्हणाले. सव्वीस वर्षं हे वाक्य ऐकायला मी तरसलो होतो.

कॅसेट लावा ना एकदा, म्हटलं. ते मुकाट्याने उठले, देवघराच्या खालच्या खणातून डबी काढली, लावली. मेव्हणीने चहाची किटली आणि कप आणून ठेवले. गिटारचा तोल गेला, त्या माणसाने विचारलं, कुणी आ, आणि खट्‌. मी श्वास धरला. हललो नाही. मनात म्हणत होतो, डाफरा माझ्यावर. काहीतरी काढा, मास्तर म्हणा, पेरू म्हणा.

साडूंनी कपात चहा ओतला.

“साखर किती?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

दीड चमचा, मी म्हणालो.