पहिला तोडा मिस्त्रीचा

वडनेरच्या गुलाब मिस्त्रीशी बोलायचं तर दोन हात लांब उभं राहावं. माणूस देवासारखा, पण आवाज! चाळीस वर्षं विहिरींवरच्या डिझेल इंजिनांच्या धडधडीत घालवली, कान अर्धे गेले, म्हणून घरात चहा मागितला तरी शेजारीण त्याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, हाक मारून सांगायची, "चहा मागून राह्यले वो तुमचे!"

इंजिनाचा रोग मात्र त्याला बरोबर कळायचा. पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडावर, डोळे मिटलेले. मजुरी घ्यायचा तो बेताचीच. पण गावात एक रीत पडली होती. ज्या वाडीचं इंजिन त्यानं चालतं ठेवलं, तिथल्या भाजीचा पहिला तोडा त्याच्या घरी जायचा. तो डाल्यातला माल बघून गुलाब असा ऐटीत बसायचा की जणू वांगी त्यानंच लावली.

मग डिझेल महागत गेलं, अन् एकेक इंजिन भंगारात. कुणी वीज घेतली, कुणी सरकारी सौर पंपाचा अर्ज भरला. यंदा कुठं दूर समुद्रात तेलाची जहाजं अडली म्हणे, अन् इथं पेट्रोल पंपवाले डब्यात डिझेल देईनात. आता बोला! गावात एकच इंजिन उरलं, शालूबाईंच्या वांग्याच्या वाडीतलं.

एका सकाळी शालूबाईंनी त्याला विहिरीवर बोलावलं. नवरा गेल्यापासून वाडी त्याच एकट्या बघत. हातात मोबाईल.

"मिस्त्री, सौर पंपाचा नंबर लागला माहा. आज होकार देणं हाय. घेऊ का नोको? तुमी म्हणान तसं."

खोटं तर गुलाबच्या जिभेवर तयारच होतं: ढगाळ दिवसात पाणी येत नाही, बिघडलं तर कंपनीचा माणूस महिना महिना फिरकत नाही. अन् त्यात अगदीच खोटंही काही नव्हतं. एवढं बोलला असता तरी इंजिन राहिलं असतं, अन् त्याचं मिस्त्रीपणही.

त्यानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, काळा धूर ओकत चालू झालं. त्यानं पेचकस लावला, ऐकलं. मग वाफ्यातल्या कोमेजल्या वांग्यांकडे पाहिलं.

"घेऊन टाका!" तो ओरडला. "हे आता डिझेल पेते लय अन् पाणी देते थोडं. ढगाच्या दिवशी जरा अडचण होईन, पण वाडी जगन!"

एवढं बोलून तो तडक घरी आला. त्याला फार वाईट वाटत होतं, अन् ते सांगायला लाज वाटत होती.

दीड महिन्यानं पंप बसला. गुलाब न बोलावता बघायला गेला. जमलेली माणसं पाइपाच्या तोंडाकडे बघत उभी, अन् पंपाचा आवाज तर मुळीच नाही. यानं सवयीनं पाइपावर पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, अन् केवढ्यांदा ओरडला, "चालू हाय का?"

समोर पाण्याची धार पडतच होती. शालूबाईंची सून दिपाली तोंडाला पदर लावून हसली, मग सगळेच. गुलाबही हसला. पण त्या दिवशी तो जेवला नाही, अन् पेचकस खुंटीला टांगून ठेवला.

पुढं वांगी धरली. पहिल्या तोड्याचा दिवस त्याला पाठ होता. त्या सकाळी उगाच अंगण झाडत बसला.

तर फाटकात शालूबाई, डोक्यावर डालं. काळीभोर, देठाला हिरवी वांगी.

"अवो, चुकल्या तुमी!" गुलाब गरजला. "इंजिन कुठं हाय आता? मंग हा तोडा काहाचा?"

"इंजिनाचा नोहे जी," डालं खाली ठेवत शालूबाई म्हणाल्या. "तुमी त्या दिवशी नोको म्हणले असते, तं मी घेतला नसता. वाडी वाळली असती. मंग सांगा, पाणी कोनं चालू ठेवलं?"

गुलाबचे डोळे भरून आले, ते त्यानं उपरण्यानं पुसले.

प्रमिलाबाई दारातून म्हणाली, "अन् आतातरी हळू बोलत जा. इंजिन बंद झालं."

त्यानं मान हलवली. मग इतक्या हळू बोलला, की शालूबाईंना पुढं वाकून विचारावं लागलं, "काय म्हणलं जी?"

"म्हणलं, बसा. चहा घेऊन जाजा."