वाढदिवस नसताना केक
आज बेकरीत आलुबुखाराच्या केकचा आंबटगोड वास आला आणि उंटरश्लाइसहाइमचं जुनं ऑफिस आठवलं. इथे जर्मनीत ज्याचा वाढदिवस, त्यानंच केक आणायचा. त्या सकाळी आमच्या जर्मन टीमलीडनं घरी केलेला केक टेबलावर ठेवला. "वाढदिवस का?" मी विचारलं. "नाही. आधी खाऊन घ्या," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं, टीम बंद होतेय, काम पुण्याला जातंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुण्याचा मी एकटाच. त्यानं आणखी एक तुकडा माझ्या प्लेटमध्ये ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाला, "याचीही नोकरी गेलीय." आता दुसऱ्या कंपनीत टीमलीड मी आहे. माझ्या टीमसाठी घेतलेला केक बांधताना बेकरीवाल्या बाईनं हसून विचारलं, "वाढदिवस कुणाचा?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही."