मराठीसाठी एक दाबा

"मशीन इंग्रजीत बोलतंय, तपासायला मॅडमनाच द्या," आमचे हवालदार दाराआड कुणाला तरी म्हणाले. "नाहीतरी माणसांशी त्या कमीच बोलतात."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पोलिसातली नोकरी सोडून आता काही वर्षं झाली, पण तो गुन्हा म्हटला की आधी हे वाक्यच आठवतं. तेव्हा मी डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते.

एका सोसायटीत लिफ्ट वर असतानाच तळमजल्यावरचं दार उघडलं आणि एक बाई खड्ड्यात पडल्या. कमरेचं हाड मोडलं. दार बिघडल्याचं आपण लिफ्टच्या कंपनीला तीनदा फोन करून सांगितलं होतं, असं वॉचमनचं म्हणणं. कंपनीचं ऑफिस ठाणे शहरात, कोलशेतला. तिथे फोन मशीन उचलायचं, तक्रारी रेकॉर्ड व्हायच्या आणि ऑपरेटर ताई रोज सकाळी त्या ऐकून रजिस्टरमध्ये लिहायच्या. रजिस्टरमध्ये ही सोसायटी नव्हती. मशीनमध्येही तिचा निरोप नव्हता.

"ऑपरेटरबाईंनी न लिहिताच पुसला असणार," मॅनेजरने जबाबात सांगितलं.

ताई पन्नाशीच्या. "आलेला निरोप मी लिहिला नाही, असं वीस वर्षांत झालेलं नाही," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तो आवाज बाहेर बसलेल्या वॉचमनच्या कानावर गेला आणि तो दारात येऊन उभा राहिला.

"ह्याच त्या ताई. माझ्याशी ह्याच बोलल्या."

"मी यांच्याशी कधीच बोलले नाही," ताई म्हणाल्या.

मी मशीन तपासलं. ऑफिसचा नंबर लावला, दोन दाबलं, एका अनोळखी बाईचं इंग्रजी ऐकलं, चाचणीची तक्रार नोंदवली. ती बरोबर जागेवर पोचली. मशीन ठीक आहे, असा अहवाल मी दिला. कंपनीने त्याच संध्याकाळी ताईंना घरी बसवलं. साहेब म्हणाले, "आरोपी करा. नोटीस काढा."

दोन दिवसांनी नोटीस घ्यायला ताई आल्या आणि बाकावर बसल्या. वॉचमनचा पुरवणी जबाब बाकी होता, म्हणून तोही आलेला.

"पहिल्या फोनला त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"नमस्कार, आपली तक्रार सविस्तर सांगा."

"दुसऱ्या?"

"तेच."

"तिसऱ्या?"

"तेच की ओ मॅडम. बाई वळणाची आहे. पण शेवटी मी विचारलं, माणूस कधी पाठवताय, तर गप्पच."

मला ते खटकलं. तिन्ही वेळा अगदी तेच शब्द कुणी बोलत नाही. मी त्याला समोरच फोन लावायला सांगितला. त्याने एक दाबलं. स्पीकरवर ताईंचा आवाज आला: नमस्कार, आपली तक्रार सविस्तर सांगा.

"नमस्कार ताई," वॉचमन फोनला म्हणाला.

"अहो, ताई इकडे बसल्यात," हवालदार म्हणाले. बाकावर ताई तोंड मिटून बसल्या होत्या.

ऑफिस आधी ठाण्यातच खोपटला होतं, तेव्हा ताईंनी ते वाक्य रेकॉर्ड केलं होतं. कोलशेतला नुकतंच नवं मशीन बसवताना ते तसंच उचलून त्यात घातलं, पण त्यामागचे निरोप जुन्या, बंद पडलेल्या खात्यात जात राहिले. दुपारी कंपनीच्या माणसाने ते खातं उघडलं. वॉचमनचे तिन्ही निरोप तिथे होते. शेवटचा असा होता: "ताई, ऐकताय ना? कुणीतरी पडेल हो." ते ऐकताना ताईंनी पदर तोंडाशी धरला.

साक्षीदार खरं सांगतोय आणि जिच्यावर संशय आहे तीही खरंच सांगतेय, असं होऊ शकतं, हे मी तिथे शिकले. अशा वेळी दोघांच्या मध्ये काय आहे ते बघायचं असतं. ऑफिसातल्या कुणी कधी एक दाबून पाहिलं नव्हतं. माझं घर मराठी, पण इंग्रजी शाळेपासून माझंही बोट दोनवरच जातं.

साहेबांनी नोटीस फाडली. "नवा अहवाल लिहा. आधीच्या तपासात तांत्रिक माहिती अपुरी होती, एवढं पुरे. तुमचं नाव कशाला मध्ये?"

ते वाक्य मला वाचवायला पुरेसं होतं. ताई पर्स काखेत मारून जायला उठल्या होत्या. हवालदार, वॉचमन, साहेब, सगळे तिथेच होते. मी उभी राहिले.

"ताई, तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतात. मशीन मी तपासलं आणि मी फक्त दोन दाबलं होतं."