हियामचा न आवरणारा हात

"झालं! हाच तो सूर. आता कुणी हलू नका," हियाम म्हणाली, आणि वीज गेली.

आमच्या जैतावी भागात सरकारी वीज जाऊन जनरेटरची यायला आठ सेकंद लागतात. फ्रिजचं त्यात काही बिघडत नाही, हियामच्या मॉड्युलर सिंथेसायझरचं बिघडतं. कपाटाएवढी पेटी, शंभरेक नॉब, वायरींचं जंजाळ. एक संथ लाट सुराला हळूहळू उघडते, दुसरी लाट पहिलीला रेंगाळायला लावते, आणि अकरा मिनिटं तो सूर ढगासारखा बदलत राहतो. वीज गेली की लाटांचं जुळलेलं गणित मोडतं. त्या अकरा मिनिटांवर नाटकातलं माझं स्वगत होतं, आणि गुरुवारी पहिला प्रयोग.

"अगं, रेकॉर्ड कर ना!"

"रेकॉर्ड केलेला सूर रोज एकाच जागी वळतो. तू रोज एकाच जागी रडतेस का?"

"हो! त्याचेच तर पैसे मिळतात मला!"

हियाम एकावन्न वर्षांची. वडिलांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात वीस वर्षं काढली, ही पेटीही तिनेच सोल्डरचे डाग देऊन देऊन जोडलेली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

खालच्या मजल्यावरून शेजारच्या इम तन्नूस ओरडल्या, "हियाम, तीन दिवस तुझा फ्रिज घुमतोय, माणूस बोलाव गं!"

"मावशी, ते संगीत आहे!"

"मग गाणं कधी सुरू होणार?"

शेवटी तिने ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणल्या. म्हटलं, सुटले. मंगळवारी आठ मिनिटं सूर असा लागला की मला रडायचं नाटक करावं लागलं नाही. तेवढ्यात तिचा हात नॉबकडे गेला.

"नको!"

"केसभर गं, हबीब्ती, लाडके."

केसभर फिरवला आणि सुराची कुकरची शिट्टी झाली.

"परत आण तो!"

"कुठून आणू? नॉब कुठे होता, माझ्या तरी लक्षात आहे का?"

म्हणजे इतके दिवस आम्ही विजेला शिव्या घालत होतो, आणि खरा चोर हिच्या मनगटात! मी अट घातली: सूर लागला की हात मांडीखाली. तिने वडिलांच्या आत्म्याची शपथ घेतली.

गुरुवारी रंगमंचाच्या कोपऱ्यात ती खरंच हातांवर बसली होती. नवव्या मिनिटाला उजवा हात बाहेर आला. मी बोलता बोलता डोळे वटारले. तिने पाहिलंच नाही. केसभर फिरवला.

सूर खालून उघडला. बंद घराची सगळी दारं कुणीतरी एकेक करून ढकलत जावं तसा. मी ऐकतच राहिले आणि पुढचं वाक्य साफ विसरले. समोर भरलेलं सभागृह, माझं तोंड उघडं.

कोपऱ्यातून कुजबुज आली, "'आई, मी किल्ली आणली नाही.' बोल ना, गाढवे, मिनिटभरच राहिलाय हा सूर!"

बोलले. काय करणार?