स्विचवरचा लाल टॅग

सकाळी कुकर लावत होते आणि फोन वाजला. वहिनीचं नाव बघून मी आधी गॅस बंद केला, कारण वहिनी कधी फोन करत नसे. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून तिची जीभ अडखळायची आणि उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा. फोन करायचा तो दादाच. मी नुसती 'हॅलो, हॅलो' करत राहिले. पलीकडे श्वास ऐकू येत होता... मग एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "शोभाताई... हे उठून नाही राहिले."

आमच्या बोरसीहून हुडकोला दादाच्या घरी जायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी मी ऑटोवाल्यावर इतकी खेकसले की बिचाऱ्याने पैसे घेताना मान वर केली नाही. पोचले तेव्हा शेजारच्या डॉक्टरांनी सगळं सांगून झालं होतं. दादा झोपेतच गेला होता. चेहऱ्यावर तोच नेहमीचा भाव, कुठेतरी काहीतरी बिघडलंय आणि आपण आता ते शोधणार आहोत असा. वहिनी त्याच्याजवळ नव्हती. ती बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसून भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत होती. बोर्डावर सुतळीने बांधलेला लाल टॅग लटकत होता, आणि खाली टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर केतनचा जुना व्हिडिओ गेमचा डबा पोट उघडं टाकून पडला होता. केतन म्हणजे दादाचा मुलगा, नोकरीला पुण्यात. डबा त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला.

त्या टॅगची गोष्ट सांगितल्याशिवाय मधुकरदादा कळायचा नाही. आमचे बाबा गोंदियाकडची शेती भावांवर सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला लागले, आणि दादाही पुढे तिथेच इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला लागला. निवृत्त झाला तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर कुणीतरी गमतीने त्याला कोऱ्या टॅगचं एक बंडल दिलं. लाल पुठ्ठा, त्यावर छापलेलं, 'आदमी काम पर है, स्विच चालू न करें', आणि खाली नाव लिहायला जागा. देणाऱ्याने गंमत केली, पण आमच्या दादाला गंमत कुठे कळायची? गीझर उघडला की टॅग, पंखा उतरवला की टॅग. एकदा मी चांगली चार दिवस राहायला म्हणून आले तर मिक्सरवर टॅग. आदल्या दिवसापासून तो नुसता उघडून ठेवलेला, आणि चटणी मी पाट्यावर वाटतेय! मी टॅग काढायला हात लावला तर हा आतून ओरडत आला. मी म्हटलं, मिक्सरच आहे, भट्टी नव्हे. तेव्हा त्याने मला समोर बसवून सांगितलं, "टॅग दिसला म्हंजे कोनाचा तरी हात आत आहे, असं समजाचं. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. साहेब आला तरी दुसऱ्यानं नाही." मी खवचटपणे विचारलं, आणि तुझी ड्युटी संपली तर? "तं पुढच्या शिफ्टवाला आधी आपला टॅग बांधते, मंगच माहा निघते. मधात एक मिनिट बी बोर्ड बिना टॅगचा नाही ठेवाचा." मी कपाळावर हात मारला आणि पाट्याकडे परत गेले.

वहिनीला झटका आला तेव्हा हा माणूस पहिल्यांदा हातात पाना न घेता नुसता बसलेला मी पाहिला. दवाखान्यातून घरी आल्यावर फिजिओथेरपीवाल्या बाईने एक स्पंजचा चेंडू दिला, दाबत राहा म्हणाली. वहिनीने तो खिडकीतून बाहेर टाकला. कुसुमवहिनी तशी मानी. सगळा जन्म लुना चालवत बाजारहाट केलेली बाई, तिला चेंडू दाबायला सांगणं म्हणजे अपमान. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हातासाठी हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे, यात जे परत येईल तेच तिचं. दादा हवालदिल झाला. त्याने माळ्यावरून केतनचा डबा काढला तो काही हुशारीने नव्हे, करमणूक म्हणून. त्यात एक ट्रकचा गेम होता. भरलेला ट्रक घेऊन घाटातून जायचं. आणि ट्रक पुढे न्यायचं बटण नेमकं रिमोटच्या मागे, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. बोट सुटलं की ट्रक उतारावरून मागे यायला लागतो. स्पंजच्या चेंडूला भीक न घालणाऱ्या वहिनीला ट्रक असा मागे आलेला काही खपला नाही. मागच्या गाड्या हॉर्न देतात म्हणून ती संतापायची आणि बोट दाबून धरायची. दिवाळीनंतर मी गेले तर तिने त्याच हाताने मला चहाचा कप दिला. निम्मा चहा बशीत सांडला होता. तो बशीतला चहा पिताना मला रडू आवरेना, आणि दादा मात्र इंजिनिअरसारखा तिच्या बोटाकडे बघत होता.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर डब्याचा डिस्क ड्राइव्ह मेला. डिस्क आत घ्यायचा, घरघर करायचा, दोनदा टकटक, की डिस्क बाहेर. दादाने ड्राइव्ह उघडला. रबराचा पट्टा बदलून पाहिला, लेन्स स्पिरिटने पुसली, वायरची पट्टी काढून पुन्हा बसवली... दरवेळी तीच टकटक. शेजारी वहिनी रिमोट मांडीवर घेऊन बसलेली. केतन म्हणाला, नवीन मशीन पाठवतो. पण नव्या मशीनमध्ये तो गेम मिळत नव्हता आणि वहिनीचा घाटात पोचलेला ट्रक याच डब्यात होता. दुसरं काही खेळायचं नाव तिने काढू दिलं नाही. आठवडे जात होते आणि तिची बोटं पुन्हा आत वळायला लागली होती. मला ती दिसत होती. दादाला तर दिसतच होती, पण आम्ही दोघं फक्त ड्राइव्हबद्दल बोलायचो.

शेवटी लेन्सच गेली असं ठरलं, आणि दादा सुपेल्याच्या बाजारातल्या एका दुकानातून तसाच दुसरा जुना ड्राइव्ह घेऊन आला. बसवला. डिस्क आत गेली, फिरली, आवाजही कसा गुळगुळीत. आणि पडद्यावर अक्षरं आली की ही डिस्क ओळखता येत नाही. दादाने पुन्हा लावली. पुन्हा तेच. व्हिडिओ कॉलवर केतनने कुठे कुठे शोधून सांगितलं की ड्राइव्हच्या आत एक छोटी सर्किटची पाटी असते, तिची आणि डब्याची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दुसऱ्याची पाटी हा डबा ओळखतच नाही. जुन्या ड्राइव्हची पाटी काढून नव्यात घालायची, झालं काम. "जुना ड्राइव्ह कुठाय बाबा?"

दादा नव्या ड्राइव्हवरची धूळ पुसायला लागला. पुन्हा विचारल्यावर म्हणाला, "जमा केला."

प्लांटच्या स्टोअरमध्ये जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. जन्मभराची ती सवय. दुकानदाराने मागितलाही नव्हता, पण नवा हातात घेताच दादाने जुना काउंटरवर ठेवला, आणि दुकानदाराने तो खालच्या पोत्यात टाकून दिला होता. माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं, पण वहिनीचा तो मांडीवरचा हात बघून मी चप्पल घातली आणि म्हटलं, चल.

दुकानात पोतं नव्हतं. सकाळीच कबाडीवाला घेऊन गेला होता. मागच्या गल्लीत त्याचं आवार, पत्र्याखाली भट्टीसारखा उकाडा, आणि त्याचा माणूस हातोडीने एकेक वस्तू फोडून लोखंड वेगळं करत होता. दादाने जाऊन त्याचा हातच धरला. "भैया, रुक जाओ जरा." मग आम्ही दोघं खाली बसलो आणि पोतं उपसायला लागलो. एकासारखे एक पत्र्याचे चपटे ड्राइव्ह, काही चेपलेले, काहींच्या पाट्या आधीच उपटलेल्या. मी म्हटलं, यातला आपला कुठला, कसं ओळखणार? तो म्हणाला, उघडायच्या आधी खूण केली आहे, वहिनीच्या जुन्या नेलपॉलिशची. घामाने माझे डोळे चुरचुरत होते. पोतं संपत आलं आणि दादा बाजूला ठेवलेले ड्राइव्ह पुन्हा उलटून बघायला लागला. सापडला तो तळाशी, एका कोपऱ्यातून चेपलेला. गुलाबी ठिपका शाबूत. दादाने तिथेच पेचकस काढून तो उघडला, आतली पाटी उन्हात धरून उलटसुलट पाहिली आणि नाकाने लांब श्वास सोडला. पाटी अखंड होती. परत येताना त्याने ती रुमालात बांधून खिशात ठेवली होती आणि सगळ्या रस्त्यात एक हात खिशावर.

घरी येऊन त्याने पाटी नव्या ड्राइव्हमध्ये बसवली, बारीक वायरींना सोल्डर केलं. तोवर उजेड गेला होता. डोळ्यांना आता दिसत नाही म्हणाला; झाकण, स्क्रू आणि परीक्षा उद्या. बोर्डावर टॅग बांधला, खाली आपलं नाव लिहिलं आणि वहिनीला म्हणाला, "उद्या ट्रक सुरू."

...उद्या काय झालं ते वर लिहिलंच आहे.

माणसं यायला लागली. उकाडा इतका की बसवेना, आणि बाहेरच्या खोलीत कूलर लावायला तोच एक बोर्ड. पुण्याहून आलेला केतन रडून रडून सुजलेला, यंत्रासारखा कामं करत होता. त्याने टॅगची गाठ सोडायला घेतली आणि त्या फोननंतर एक शब्द न बोललेली वहिनी खुर्चीतून उठून उभी राहिली. "हात... नको लावू." केतन म्हणाला, "आई, बाबा नाहीत आता. मग हा काढणार कोण?" वहिनीला उत्तर जुळवता येईना. तिने डावा हात बोर्डावर टेकवला. शेवटी केतनने गाठ पुन्हा आवळली आणि आम्ही ते सगळे दिवस पुठ्ठ्यांनी वारा घेत काढले.

तेरवी झाल्यावर दुपारी वहिनीने मला बोर्डाकडे बोट दाखवून विचारलं, "शिफ्ट... बदलली तं?" मला मिक्सर आठवला, पाटा आठवला. मी दादाच्या पेटीतून कोरा टॅग आणून तिच्यापुढे ठेवला आणि डाव्या हातात पेन दिलं. तिने ते उजव्यात घेतलं. 'कुसुम' लिहायला तिला इतका वेळ लागला की केतन उठून स्वयंपाकघरात गेला. मीही जाणार होते, पण गेले नाही. आधी तिचा टॅग बांधला, मग दादाचा निघाला. मग तिने झाकण ठेवलं आणि चार स्क्रू स्वतः फिरवले. पेचकस निसटायचा, स्क्रू घरंगळत खाली जायचा, मी उचलून द्यायचे, एवढंच. सगळं झाल्यावर तिने आपला टॅग सोडला आणि केतनने स्विच दाबला. डिस्क आत गेली. घरघर. एक टकटक... आम्ही तिघंही दुसरीची वाट बघत होतो. ती आली नाही. पडद्यावर घाट आला, आणि चढावर तिचा ट्रक, जिथे सोडला होता तिथेच. तो मागे यायला लागला. वहिनीचं बोट पांढरं पडेपर्यंत दाबलं गेलं आणि ट्रक थांबला, मग हलला.

आता मी आठवड्यातून दोनदा तरी हुडकोला जाते. खेळून झालं की वहिनी स्विच बंद करते आणि दादाचा तो टॅग परत बोर्डावर बांधते, त्याच्या अक्षरातल्या नावासकट. उजव्या हाताने सुतळीची गाठ बसायला वेळ लागतो. परवा माझ्याने बघवेना, म्हणून मी बांधून द्यायला पुढे झाले. तिने मान हलवली आणि मला टॅगवरचं वाचायला लावलं. मी वाचलं, 'आदमी काम पर है', आणि हात मागे घेतला.